फिफा ११+ वॉर्मअप: घोडबंदरच्या टर्फवर पोरांवर वापरून बघितलेला

फिफा ११+ म्हणजे फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा, दुखापती टाळायला बनवलेला वॉर्मअप. फुकट मिळतो म्हणून याला कोणी सीरियसली घेत नाही, पण आमच्या सोसायटीच्या फुटबॉल टीमला (ठाण्यात घोडबंदर रोड, मानपाड्याच्या पुढे, बारा ते पंधरा वयाची पोरं-पोरी मिक्स) गेला अख्खा सीझन आम्ही हाच वॉर्मअप दिलाय, तर म्हटलं रिव्ह्यू टाकूया. पाचपैकी चार स्टार.

त्यात काय असतं ते थोडक्यात. १५ व्यायाम, तीन भाग, साधारण २० मिनिटं. पहिली आठ मिनिटं हळू पळणं, त्यातच गुडघा उचलून मांडी बाहेर फिरवायची, मग आत, जोडीदाराभोवती गोल, खांद्याला खांदा लावून उडी. मधली दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल: प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर शरीर ताठ धरणं), साइड प्लँक (तेच एका कुशीवर), हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम, एका पायावर उभं राहणं, स्क्वॉट, जंप, आणि या प्रत्येकाच्या तीन लेव्हल. शेवटची दोन मिनिटं जोरात धावणं आणि एकदम दिशा बदलून कट मारणं. सामान म्हणाल तर खुणेला ठेवायचे प्लास्टिकचे शंकू (कोन) आणि बॉल, बस.

आधी आमच्याकडे काय चालायचं तर ग्राऊंडला दोन राऊंड, मग गोल करून उभं राहायचं, पायाचे अंगठे पकडा, वीस आकडे मोजा, संपलं. शाळेतल्या पीटीच्या तासापासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हेच बसलंय त्यामुळे पालकही कडेला उभे राहून सांगतात, अहो सर जरा स्ट्रेचिंग करून घ्या ना, पाय आखडतात पोरांचे. आता गंमत अशी की एकाच जागी उभं राहून एकेक स्नायू मिनिटभराच्या वर ताणून धरला तर लगेच नंतरच्या उडीत आणि स्प्रिंटमध्ये ताकद थोडी कमीच पडते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दहा-पंधरा सेकंद ताणलं तर फार बिघडत नाही, पण त्याने फायदाही विशेष नाही. पळत पळत, पाय झुलवत, हळूहळू स्पीड वाढवत केलेला वॉर्मअप त्या मानाने कधीही चांगला. ताणायची हौस असेल तर ती मॅच झाल्यावर.

दुसरं वाक्य जे ठाण्यात हमखास ऐकू येतं, एवढ्या उकाड्यात वॉर्मअप कशाला, पोरं आधीच घामाघूम. घाम येणं वेगळं आणि उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत न वळणं वेगळं. ११+ चा खरा पैसा इथे वसूल होतो (फुकट असला तरी). नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या मुलींच्या क्लबांवर याचा मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, त्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मुलींना गुडघ्याचं लिगामेंट (हाडांना जोडून धरणारा पट्टा) फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि २०२२ ला नेरुळच्या डी. वाय. पाटीलला अंडर-१७ मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली तेव्हापासून आमच्याकडे मुली वाढल्यात, म्हणून मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. परफॉर्मन्सचं म्हणाल तर पहिल्या पाच मिनिटांत आमची पोरं आधी झोपेत असायची, आता बॉलवर पहिली पोचतात. स्टॉपवॉच लावून मोजलेलं नाही, डोळ्याने दिसतं ते सांगतोय.

एक स्टार कशाचा कापला? कंटाळा. बारा-तेराच्या पोरांना प्लँक म्हणजे शिक्षा वाटते. मुळात ११+ हा चौदा आणि वरच्यांसाठी आहे, लहानांसाठी ११+ किड्स वेगळा आहे, सात ते तेरा वयाला, त्यात पळता पळता थांबायचा खेळ, स्केटिंगसारख्या बाजूच्या उड्या आणि पडायचं कसं तेही शिकवतात. पोरं तो हसत करतात. आमची टीम मिक्स वयाची म्हणून दोन गट करावे लागले आणि मग दोन मोठी माणसं लागतात, जी रविवारी सकाळी सात वाजता मिळवून दाखवा.

आणि टर्फचा, म्हणजे भाड्याच्या कृत्रिम गवताच्या मैदानाचा स्लॉट! तासाचे पैसे, त्यातली वीस मिनिटं वॉर्मअपला गेली की पालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आम्ही जुगाड केला, पहिला आणि दुसरा भाग सोसायटीच्या पोडियमवरच उरकायचा, मग चालत टर्फवर जायचं आणि फक्त शेवटची धावाधाव आत. टर्फ लांब असेल तर हे जमणार नाही, रिक्षात बसून पोरं परत थंड.

हे थंड होणं म्हणजे आपल्याकडच्या टुर्नामेंटचा मोठा रोग आहे. रिपोर्टिंग आठला, मॅच पावणेदहाला, आणि कोचने सव्वाआठलाच सगळं करून घेतलेलं. बाकड्यावर वडापाव खात बसलेल्या पोराच्या अंगात त्या वॉर्मअपचं काय उरणार. हाफटाइमला १५ मिनिटं नुसतं बसलं तरी मांडीच्या स्नायूचं तापमान साधारण दोन डिग्रीने उतरतं आणि स्प्रिंट मंदावतो, मग तासभर बसल्यावर सांगायलाच नको. आधीची मॅच संपायला दहा मिनिटं उरली की पोरांना उठवायचं आणि ब्रेकमध्येही शेवटची दोन-तीन मिनिटं जॉगिंग करायला लावायचं, एवढं केलं तरी फरक पडतो. आणि मॅचच्या दिवशी मधला ताकदीचा भाग करायचाच नाही, फक्त पळण्याचे दोन भाग, हे फिफाच्या ११+ मॅन्युअलमध्येच लिहिलंय पण कोणी वाचत नाही. पूर्ण वीस मिनिटं ट्रेनिंगला, आठवड्यातून किमान दोनदा. नुसतं रविवारी करून काही होत नाही.

सुरू करणार असाल तर ११+ च्या व्यायामांचं पोस्टर प्रिंट काढून टर्फच्या जाळीला लावा, मोबाइल बघून शिकवायला गेलात तर पोरं तेवढ्यात गोलवर बॉल मारायला सुरू करतात. किड्समधलं लोळणं टर्फवर नको, कोपरं सोलून निघतात, लॉनवर घ्या. आणि तो हॅमस्ट्रिंगचा प्रकार, जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यावर उभं राहून ताठ पुढे झुकायचं, तो सुरुवातीला तीन ते पाचच वेळा, जास्त केलात तर सोमवारी पोरांना बाकावर बसता येत नाही आणि आयांचे फोन तुम्हालाच येतात.