आठ अँपिअर आणि अठ्ठावीसशे पन्नास डॉलर

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर गाडी चार्ज करायचा एक चकचकीत काळा डबा आहे. मुलीनं त्याचं नाव 'पावणेतीन हजारी' ठेवलंय. खरी रक्कम २,८५० डॉलर. वरचे शंभर तिनं बापाची लाज राखायला सोडून दिले असावेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी २०१७ ची शेव्हरोले व्होल्ट सेकंडहँड घेतली. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे आधी बॅटरीवर पळते, ती संपली की पेट्रोलवर. नवी असताना एका चार्जमध्ये ५३ मैल जाणारी. मी न्यू जर्सीत राहतो, ऑफिस जाऊन-येऊन ४० मैल. हिशोब छान जमत होता. संध्याकाळी सातला गॅरेजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटला गाडी लावायची आणि सकाळी सातला काढायची. पण सकाळी बघावं तर बॅटरी जेमतेम दोन तृतीयांश भरलेली. डिसेंबरच्या थंडीत हीटर चालू केला की परतीच्या वाटेवर इंजिन घुरघुरायला लागे आणि माझं तोंड कडू होई.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. कुणीतरी इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला, वर 'आपलाच माणूस आहे' असंही लिहिलं. फोनवर तो हिंदीत बोलला आणि मी तिथेच निम्मा विरघळलो. परदेशात पंधरा वर्षं काढूनही हा रोग जात नाही.

तो शनिवारी आला. चहा घेतला, मुलीचा अभ्यास विचारला. मग गाडी चार्जिंगला लावून, पॅनेलचं झाकण उघडून गॅरेजच्या सर्किटच्या वायरभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला आणि मला आकडा दाखवला: ७.९ अँपिअर. "बघा साहेब, पंधराचा ब्रेकर आहे आणि येतोय आठसुद्धा नाही. वायरिंग थकलंय. यावर गाडी चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण." आकडा तर मी डोळ्यांनी बघितला होता, शंका कशाची घेणार?

उपाय त्याच्याकडे तयारच होता. २४० व्होल्टची नवी ६० अँपिअरची लाइन आणि ४८ अँपिअरचा वॉलबॉक्स, म्हणजे तो काळा डबा. "साडेअकरा किलोवॉट! दीड तासात फुल." शिवाय खर्चाचे ३० टक्के सरकार टॅक्समध्ये परत देतं म्हणाला. टाउनशिपच्या परवानगीचे, म्हणजे परमिटचे १८५ डॉलर बिलातच धरलेले. बायको म्हणाली, आणखी एकाला विचारू. मी म्हणालो, आगीचा प्रश्न आहे.

काम झालं. त्या रात्री मी घड्याळ लावून बसलो. गाडी भरायला साडेचार तास लागले. फोन केला तर म्हणाला, "मग गाडीतला चार्जर गेलाय, माझ्या ओळखीचं गॅरेज आहे." त्या गॅरेजनं मॉड्यूल बदलायचे २,४०० सांगितले. हातात पैसे नव्हते म्हणूनच वाचलो, अक्कल वापरून नव्हे. मार्चमध्ये सीएंनी टॅक्सचंही सांगितलं: २०२३ पासून ही सवलत फक्त कमी उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी जनगणना विभागांतल्या पत्त्यांना मिळत होती. आमचा पत्ता त्यात बसत नव्हता. नकाशावर पाच मिनिटांत कळलं असतं.

एप्रिलमध्ये बायकोचे मामा कल्याणहून आले. उभी नोकरी एमएसईबीत. जेट लॅग उतरायच्या आत त्यांनी डबा न्याहाळला.

"यावर ४८ लिहिलंय. गाडी किती घेते?"

मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत मी हा प्रश्न कुणालाच, स्वतःलाही, विचारला नव्हता. मामांनी कप्प्यातलं मॅन्युअल काढलं आणि चष्मा कपाळावर चढवून पानं उलटली. ३.६ किलोवॉट.

"जावईबापू, दारात टँकर आणलात, पण पिणाऱ्याच्या हातात फुलपात्र आहे."

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण तो फक्त एक शहाणा स्विच असतो. 'माझ्याकडून जास्तीत जास्त इतके अँपिअर मिळतील' एवढं तो गाडीला कळवतो. खरा चार्जर गाडीच्या पोटात, आणि तो स्वतःच्या ताकदीपलीकडे घेत नाही. माझ्या गाडीला २४० व्होल्टवर १५-१६ अँपिअर पुरतात. साडेचार तास हीच तिची तब्येतीची वेळ होती, आजार नव्हता. २० अँपिअरच्या सर्किटवर हेच झालं असतं.

"आता जुनी वायर आणा."

गाडीबरोबर आलेली वायर पुन्हा साध्या सॉकेटला लावली. मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्क्रीनवर बोटं फिरवू लागले. चार्जिंगच्या पर्यायांत एका जागी थांबले. "हे आठ काय आहे?" शेजारी दुसरा पर्याय होता: बारा.

१२० व्होल्टवर ही गाडी मुद्दामच आठ अँपिअरवर चालू होते. जुनी घरं, एकाच सर्किटवर फ्रीज आणि हीटर, सैल झालेली सॉकेट, हे सगळं गृहीत धरून. आठवर पूर्ण भरायला साधारण १९ तास, बारावर १३. म्हणजे माझ्या बारा तासांच्या रात्रीत बारावर गाडी जवळजवळ भरली असती. एकदा बारा करून भागत नाही, गाडी पुन्हा आठवर येते. पण स्क्रीनवर ती जागा 'घर' म्हणून नोंदवली की तिथे बारा टिकतं. तो ७.९ अगदी खरा होता. वायर तेवढंच देत होती, कारण गाडी तेवढंच मागत होती. इलेक्ट्रिशियनला हे कळत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. कळत नसेल तर ते आणखी वाईट.

बारा केल्यावर मामांनी तासाभरानं प्लगवर तळहात ठेवला. कोमट. "चटका बसला असता तर परत आठ करायचं आणि आधी सॉकेट बदलायचं." पंधराच्या ब्रेकरवर सतत चालणाऱ्या भाराला बाराच मर्यादा, हेही त्यांनीच सांगितलं.

मग मी बिल घेऊन टाउनशिपच्या ऑफिसात गेलो. आमच्या पत्त्यावर त्या कामाचं परमिट निघालेलंच नव्हतं. १८५ डॉलर सरळ खिशात. तोवर फोन न उचलणारा आपला माणूस, स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात जातोय असं रजिस्टर्ड पत्र गेल्यावर दोन दिवसांत हजर झाला. न्यू जर्सीत तिथे ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. घासाघीस करून १,१०० परत दिले. बाकीच्या पैशांसाठी लढायची ताकद माझ्यात उरली नव्हती. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

ते परमिट आता मलाच काढावं लागलं, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून, वेगळे पैसे भरून. त्यानं सही करण्याआधी डब्याचं झाकण उघडलं. आतला एक स्क्रू नीट आवळलेलाच नव्हता, आणि त्याच्याजवळचं प्लास्टिक तपकिरी पडायला लागलं होतं.