एका घरात दोन बाटल्या: प्रेपच्या गोळीचे नऊ महिने

हर्नियाच्या ऑपरेशनआधी यांचं रक्त तपासलं आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण आमचा संबंध दोनच दिवसांपूर्वी आलेला, म्हणून डॉक्टरांनी त्याच दुपारी मला पेप, म्हणजे संबंध आल्यानंतर लागण टाळण्यासाठीचं औषध, सुरू केलं. ते ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस रोज घ्यायचं असतं. ते संपल्यावर परत तपासणी झाली, परत निगेटिव्ह. मग खंड न पाडता प्रेप, म्हणजे लागण होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. त्याला आता नऊ महिने झाले.

टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ आणि एमट्रिसिटाबिन २०० मिग्रॅ अशी एकच गोळी, रोज. माझी निळी, लांबट आहे. सुरुवातीचे दहा-बारा दिवस मळमळ, पोटात गुडगुड. सकाळी नुसत्या चहावर घेत होते. रात्री जेवणानंतर घ्यायला लागले आणि त्रास थांबला. सासूबाईंनी विचारलं, "कसली गं रोजची गोळी?" कॅल्शियमची म्हणून सांगितलं. त्यांनाही चालू करू का, म्हणाल्या!

खरी गंमत कपाटातली. यांची टीएलडी, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराची गोळी, सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातून मोफत मिळते. तिच्यातही टेनोफोव्हिर आहे, शिवाय लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. माझी गोळी मात्र विकतची. एकदा बाटली संपली आणि मेडिकलवाला म्हणाला, "मागवावी लागेल, परवा या." औषध तर एकच, यांच्यातल्या दोन घेऊ का, असा फोन मी डॉक्टरांना केला. चांगलीच बोलणी खाल्ली. यांच्या गोळ्या मोजून दिलेल्या असतात, मी घेतल्या तर त्यांचे दोन दिवस बुडणार. उलट त्यांनी माझी घेणं त्याहून वाईट. निरोगी शरीरात विषाणूला पाय रोवू न देण्यासाठी दोन औषधं पुरतात, पण आधीच मुक्काम ठोकलेल्याला दाबायला ती अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना सरावतो. दर तीन महिन्यांनी माझी एचआयव्ही तपासणी का होते, तेही तेव्हा कळलं. नकळत लागण झालेली असताना मी हीच गोळी घेत राहिले, तर ते अर्धवट उपचार ठरतील. ते दोन दिवस आम्ही जपून काढले आणि तेव्हापासून दहा गोळ्या उरल्या की नवी बाटली आणायची, असा नियम केला.

मेडिकलवाल्याचा आणखी एक अनुभव. "पेशंट कोण?" असं त्याने भर दुकानात विचारलं. मीच म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मी पेशंट नाही, होऊ नये म्हणून घेतेय, हे काउंटरवर उभं राहून किती समजावणार? दुकान बदललं.

सुरू करण्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. हिपॅटायटिस बी असेल तर ही गोळी मनाने बंद करायची नाही, यकृताचा आजार उसळू शकतो. माझं क्रिएटिनिन नऊ महिन्यांत जागचं हललं नाही. सिफिलिस, गनोरियापासून ही गोळी वाचवत नाही, त्याला कंडोमच.

दर सहा महिन्यांनी घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनबद्दलही विचारलं होतं. २०२४ साली जाहीर झालेल्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या दोन हजारांहून जास्त तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. मला मात्र ते इथे मिळालं नाही, नाहीतर सासूबाईंशी खोटं बोलावं लागलं नसतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो किमतीसाठी आणि दर वेळी ऑर्डर देऊन मागवावी लागते म्हणून.

आता थांबवायची कधी? यांच्या सहा महिन्यांच्या व्हायरल लोड रिपोर्टमध्ये विषाणू सापडलाच नाही. असं टिकून राहिलं तर संबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात अशा ८८८ जोडप्यांनी कंडोमशिवाय संबंध ठेवले आणि जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. हा आकडा ऐकून हे त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. तरी डॉक्टर म्हणाले, बारा महिन्यांचा रिपोर्ट येऊ द्या, मग बंद करू. त्याला अजून दोन महिने आहेत. काल बाटलीत दहा उरल्या होत्या, नवी आणून ठेवली.