एकच फंक्शन, दोन वेगळे सरफेस: डेसमॉस थ्रीडी की मॅटप्लॉटलिब?

काल एक्सचा १/३ घात अधिक वायचा वर्ग, एवढं साधं फंक्शन डेसमॉस थ्रीडी (ब्राउझरमधला ग्राफ कॅल्क्युलेटर) आणि मॅटप्लॉटलिब (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) अशा दोन्हीकडे टाकलं, एक्स -८ ते ८, आणि डेसमॉसमध्ये अख्खी चादर आली पण मॅटप्लॉटलिबमध्ये अर्धीच, डावीकडचा भाग गायब! तासभर डोकं खाजवलं. भानगड ड्रॉइंगची नाहीच. डेसमॉस -८ चं वास्तव घनमूळ घेतं म्हणजे -२, नमपायला (मॅटप्लॉटलिबसाठी आकडे काढणारी पायथनची गणिती लायब्ररी) मात्र १/३ म्हणजे नुसता ०.३३३३ दशांश दिसतो, मग ऋण संख्येला ते थेट नॅन (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) देतं आणि नॅनच्या जागी काहीच रंगत नाही. (साध्या पायथनमध्ये तर कॉम्प्लेक्स उत्तर येतं, तो तिसराच ताप.) घाताऐवजी नमपायचं सीबीआरटी (घनमूळ काढणारं) फंक्शन वापरा, काम झालं.

दुसरी गोची म्हणजे मॅटप्लॉटलिबचं प्लॉट-सरफेस (सरफेस काढणारं फंक्शन), तुम्ही २०० बाय २०० चं ग्रिड द्या नाहीतर ५०० चं, ते डिफॉल्टला प्रत्येक दिशेने ५०च नमुने घेतं, त्यामुळे साइन एक्सवायसारख्या लाटा कडेला पार फाटक्या दिसतात. आरकाउंट, सीकाउंट (दोन्ही दिशांच्या नमुन्यांची मर्यादा) वाढवा, थोडं स्लो होईल.

पटकन आकार बघायला मी डेसमॉसच उघडतो. पण आकडे तपासायचे तर नमपाय बरं, निदान वॉर्निंग तरी देतं.