‘विथ मटेरियल १६ रुपये फूट’ : डोंबिवलीत रंगकामात आम्हाला कसं गंडवलं

दिवाळीआधी घराला रंग काढायचा विचार असेल आणि कुणी बाजारभावापेक्षा सात-आठ रुपये कमी दर सांगत असेल तर आधी हे वाचा, थोडं लांबलंय पण वाचा.

आमचा डोंबिवली ईस्टला टू बीएचके, कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा) ६२० स्क्वेअर फूट. बरीच वर्षं रंग काढला नव्हता, त्यात दिराचं लग्न ठरलं, पाहुणे येणार म्हणून सासूबाईंचा तगादा सुरू. दोन-तीन जणांना बोलावून दर विचारले तर सगळे २३-२४ रुपये स्क्वेअर फूट, मटेरियलसकट. मग सोसायटीतल्याच एकांनी एका कॉन्ट्रॅक्टरचा नंबर दिला, तो आला, भिंतीवर टकटक करून बघितलं आणि म्हणाला १६ रुपये, लांबी (म्हणजे भिंत गुळगुळीत करायची पुट्टी), प्राइमर, दोन हात रंग, सगळं त्यात, आणि बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटीपण वाचेल ताई. नवरा एकदम खूश. आता हा जीएसटीचा भाग नंतर कळला तो सांगते, वर्षाचा धंदा २० लाखांच्या आत असेल तर अशा कामाला जीएसटी नोंदणीच लागत नाही आणि रंगाच्या डब्यावरच्या एमआरपीत टॅक्स आधीच धरलेला असतो, म्हणजे हा माणूस नेमका कुठला टॅक्स वाचवून देणार होता? त्याला फक्त बिल द्यायचं नव्हतं, म्हणजे पुढे आमच्या हातात कागद राहायला नको.

आणि दराचं पण बघा. आमच्या भागात नुसती मजुरीच तेव्हा ११-१२ रुपये फूट चालू होती. १६ मधून ती काढली की उरतात चार-पाच रुपये, त्यात लांबी, प्राइमर, रंग, पॉलिश पेपर, रिक्षाभाडं आणि त्याचा नफा. बसतच नाही. मग तो बसवतो कसा, तर तीन ठिकाणी, मापात, डब्यात आणि लांबीत.

आधी माप. टेप घेऊन आला, एक टोक त्याच्या पोऱ्याकडे, दुसरं त्याच्याकडे, पोऱ्या आतून आकडे ओरडतोय आणि हा मोबाईलवर गुणाकार करतोय, दहा मिनिटांत सगळं घर मोजून मोकळा. एकूण आलं २६४० फूट. आम्ही काय बोलणार, आम्हाला कुठे माहिती भिंती किती असतात. २६४० गुणिले १६ म्हणजे ४२,२४०. दुसऱ्यांचं गणित ४६-४७ हजारांवर जात होतं म्हणून वाटलं चला, पाच हजार तरी सुटले.

लग्नाला माझा भाऊ आला, तो बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर आहे, त्याने तो कागद बघितला आणि जेवता जेवता थांबला. म्हणाला ६२० कार्पेटच्या फ्लॅटला २६४० आलंच कसं, भिंती आणि सिलिंग धरून कार्पेटच्या तिप्पट, फार तर साडेतीनपट होतं. हात धुऊन दोघांनी मिळून मोजलं. आलं १९३०. जास्तीचे ७१० फूट कुठून आले तर दोन्ही बाथरूमच्या भिंती धरल्या होत्या, ज्या खालपासून वरपर्यंत टाइल्सच्या आहेत! टाइल्सना रंग! किचनच्या ओट्यावरच्या टाइल्स पण धरल्या होत्या, हॉलची मोठी स्लायडिंग खिडकी धरली होती, बेडरूमचं भिंतीतलं कपाट पण. दरवाजे-खिडक्या वजा करत नाहीत ही पद्धत आहे असं काही पेंटर सांगतात, कडा रंगवायची मेहनत असते म्हणून, तेवढं एक वेळ मान्य, पण टाइल्स? ७१० गुणिले १६, म्हणजे ११,३६० रुपये हवेचे घेतले त्याने. खऱ्या मापावर हिशोब केला तर आम्हाला जवळपास २२ रुपये फूट पडला, म्हणजे सगळे सांगत होते त्याच्या आसपासच, आणि काम कसं तर ते पुढे.

आता डबा. ठरलं होतं एका नामांकित कंपनीचं प्रीमियम इमल्शन, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येणारा भारीतला रंग. डबे आले, २० लिटरचे, वर नाव बरोबर, चित्र बरोबर. पण सील फोडलेलं. मी विचारलं तर हसून म्हणाला, ताई ते टोकन काढून घेतलं ना, ते पेंटरचं असतं. आता ही गंमत अशी की टोकन खरंच असतं, कंपन्या पेंटरसाठी डब्यात टोकन किंवा हल्ली क्यूआर कोड टाकतात, तो स्कॅन केला की त्याच्या खात्यात पॉइंट जमा होतात, ती त्यांच्या धंद्यातली जुनी रीत आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते टोकन आपल्यासमोर सील फोडूनही काढता येतं की! दुकानात मशीनवर शेड बनवून घेतलेली नसताना उघडा डबा घेऊन यायचं कारण बहुतेक एकच, डबा एकाचा आणि आतला माल दुसऱ्याचा. रिकामे ब्रँडेड डबे विकत मिळतात हे मला भावाने सांगितलं, साइटवर असे डबे उचलायला माणसं येतात म्हणे.

अजून एक खूण होती जी तेव्हा कळली नाही. दुकानात मशीनवर शेड बनवून घेतली की झाकणावर स्टिकर लावतात, शेडचा कोड, बेस, किती लिटर, तारीख सगळं त्यावर असतं. आमच्या डब्यावर काहीच नव्हतं. पांढऱ्या रंगात बाटलीतला स्टेनर (शेड आणायचा पातळ रंग) ओतून काठीने ढवळून त्याने गॅलरीतच शेड तयार केली, मी चहा द्यायला गेले तेव्हा बघितलं, मला वाटलं असंच करत असतील. परिणाम असा की हॉलच्या दोन भिंती एका शेडच्या आणि दोन जरा पिवळट, दिवसा कळत नाही, ट्यूब लावली की लगेच कळतं. आणि कोडच नसल्यामुळे कुठे टचअप करायचं तर तीच शेड परत मिळणार नाही.

लांबीचं तर विचारूच नका. पोतं सुतळीने बांधलेलं आलं, कंपनीची ४० किलोची शिवलेली गोण नव्हे. आत बहुतेक खडूची पावडरच जास्त. प्राइमर मारलाच नाही, रंगच पाणी घालून पातळ केला आणि पहिला हात म्हणजे प्राइमर असं सांगितलं. तेव्हा सगळं पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत दिसत होतं हो, लग्नाच्या फोटोत घर छान आलंय. मग भाच्याने सोफ्याच्या मागे हाताचे ठसे उमटवले ते ओल्या फडक्याने पुसायला गेले तर ठशांबरोबर रंगच फडक्यावर आला, शाळेतल्या फळ्यासारखा. इमल्शन असं पुसून निघत नाही, हा डिस्टेंपर होता, तोही स्वस्तातला. आणि पावसाळा लागल्यावर बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पापुद्रे धरले, बोट लावलं की चपातीएवढा पोपडा हातात, खालून जुना रंग जसाच्या तसा. त्याने खरवडलंच नव्हतं काही, वरच फासलं होतं.

तेव्हाच पैसे अडवून का ठेवले नाहीत असं बरेच जण विचारतात. तर तोही त्यांचा एक डाव आहे. निम्मे पैसे आधी घेतले होते. सगळं सामान हॉलच्या मधोमध प्लास्टिकखाली, गादी गॅलरीत, गॅस बंद, आणि अशा वेळी माणसं यायचीच बंद झाली. फोन केला तर म्हणे दुसऱ्या साइटवर अडकलोय, आणि क्रॅक भरायचे एक्स्ट्रा, ग्रिलचा ऑइलपेंट एक्स्ट्रा, तेवढे जीपे करा मग माणसं पाठवतो. लग्न तोंडावर असताना कोण वाद घालणार, नवऱ्याने दिले.

पैसे परत मिळाले का? थोडे. बिल नव्हतं, पण जीपेची नोंद होती, व्हॉट्सअॅपवर त्याने ‘16 rs with material, premium emulsion’ असं स्वतः टाइप केलेलं होतं आणि मापाचा कागद त्याच्या हस्ताक्षरात. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवली. आणि ओळखीतल्या वकिलांनी सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. मग त्याला पोपड्यांचे फोटो, मापाचा फरक आणि चॅट जोडून स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. आधी दोनदा दादागिरीची भाषा केली, मग नोटीस हातात पडल्यावर स्वतः घरी आला, टाइल्स “चुकून” धरल्या गेल्या म्हणाला आणि आठ हजार देऊन गेला. आयोगात जायचा आमच्यातही दम उरला नव्हता, घेतले.

हॉल नंतर परत करून घेतला, यावेळी नुसत्या मजुरीवर. सामान आम्ही स्वतः दुकानातून बिलाने आणलं, एमआरपीवर दुकानदार घासाघीस केली की बऱ्यापैकी सोडतो, ही सूट एरवी कॉन्ट्रॅक्टरच्या खिशात जाते. लिटरमागे दोन हातांत साधारण १०० ते १२० फूट धरायचे म्हणजे किती रंग लागेल ते आधीच कळतं, पेंटर जास्त मागायला लागला की विचारता येतं. सिलिंगला भारी रंग घ्यायची गरज नाही, तिथे कुणी हात लावत नाही. आणि जिथे जुनी भिंत धडधाकट आहे तिथे पूर्ण लांबी कशाला, पॉलिश पेपर मारून, खड्डे तेवढे भरून, प्राइमर आणि दोन हात पुरे, यातच सगळ्यात जास्त पैसे वाचले. टोकन पेंटरकाकांनाच दिलं, डबा माझ्यासमोर फोडून. बेडरूम आता जानेवारीत करू, दिवाळीनंतर पेंटर मोकळे असतात, दरही जरा खाली येतात आणि भिंती चांगल्या सुकलेल्या असतात.

त्या माणसाचं नाव विचारू नका, पैसे घेताना वाद मिटल्याचं लिहून दिलंय. पण कुणाकडे कोटेशन आलं असेल आणि फुटांचा आकडा पटत नसेल तर कार्पेट एरिया आणि मापाच्या कागदाचा फोटो मला पाठवा, भाऊ रविवारी मोकळा असतो, बघून सांगेल.