माझा दोनशे डॉलरचा दात आणि न्यू बेडफर्डचं म्युझियम

स्क्रिमशॉ म्हणजे व्हेलच्या दातांवर-हाडांवर खलाशांनी कोरलेली चित्रं. त्यांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड व्हेलिंग म्युझियममध्ये आहे. मी गेलो ते खरं तर माझ्या दाताच्या काळजीनं. एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून दोनशे डॉलरला घेतलेला, वर शिडाचं जहाज, खाली ‘१८४०’.

फ्रेडरिक मायरिक या खलाशानं १८२८-२९ मध्ये ‘सुझन’ या व्हेल-शिकारीच्या जहाजावर कोरलेले दात बघा. डोलकाठीचा एकेक दोर केसासारखा! दात घासून गुळगुळीत करायचा, शिडं शिवायच्या सुईनं किंवा चाकूनं ओरखडायचं, रेघांत दिव्याची काजळी भरायची. शिकारीविना रिकामे गेलेले महिनेच्या महिने असे कारणी लागले. ‘पाय’ (pie) या भाजलेल्या पदार्थाच्या कडा कातरायच्या कोरीव फिरक्याही आहेत, बायकोसाठी केलेल्या. मला त्या जहाजांहून जास्त आवडल्या. लेकीला विचाराल तर ‘लगोडा’ पहिला नंबर. खऱ्याच्या निम्म्या मापाचं जहाज, आणि चक्क वर चढता येतं. काचेवरच्या चकाकीनं मात्र वैताग आला, बारीक रेघांसाठी मान वाकडी करावी लागते.

घरी येऊन भिंगातून माझा दात पाहिला. आत हवेचे बुडबुडे. तापवलेली सुई बुडाशी टेकवली, तर लोण्यात शिरावी तशी आत गेली आणि प्लास्टिकचा वास सुटला. दुकानदार म्हणतो, ‘सजावटीची वस्तू’ म्हणूनच विकली होती. पावतीवर तसं काहीच नाही.