काउंटरसाइन कोणाकडून घ्यावं: साहेब, मित्र की शेजारीण?

इंग्लंडात घरी बाळ आलं की दोन-तीन महिन्यांत सांगलीहून फोन सुरू होतात, "घेऊन कधी येताय?" तिथून पासपोर्टची धावपळ लागते. जन्मदाखला हाताशी असतो, फोटो चौथ्या-पाचव्या खेपेला जमतो, आणि मग घोडं अडतं ते काउंटरसाइनपाशी, म्हणजे मुलाची ओळख पटल्याची खात्री देणाऱ्या त्रयस्थ माणसाच्या सहीपाशी. दोन मुलांसाठी मी आतापर्यंत तीनदा यातून गेलो. तिन्ही वेळा सही देणारा माणूस वेगळा होता. ज्यांना येत्या महिन्यात कोणाला तरी गळ घालायची आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितो आहे.

नियम तुम्ही वाचलेच असतील, म्हणून जे पुढे नडतात तेवढेच सांगतो. सही देणाऱ्याकडे चालू ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट हवा आणि तो युकेतच राहणारा हवा. फॉर्मवर सही करणाऱ्या आई किंवा वडिलांना तो किमान २ वर्षं ओळखत असला पाहिजे. बाळ तीन महिन्यांचं असलं तरी म्हणूनच काही बिघडत नाही. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं चालत नाही. दुसरी एक गोष्ट बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो, आणि मूल ११ वर्षांचं किंवा त्याहून लहान असेल तर नूतनीकरणालाही काउंटरसाइन लागतं. म्हणजे जन्मानंतर एकदा, पाचव्या वर्षी एकदा, दहाव्या वर्षी आणखी एकदा. दोन मुलं असतील तर सहा वेळा. माणूस निवडताना हा हिशेब डोक्यात असू द्या.

आपल्या मंडळींची खरी अडचण तिसरीच असते. ज्यांना आपण हक्काने रात्री दहा वाजता फोन करू शकतो, त्यातल्या बहुतेकांकडे अजून भारतीय पासपोर्ट असतो. आयएलआर, म्हणजे युकेत कायम राहण्याची परवानगी, असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. बाळाच्या बारशाला घरात तीस माणसं होती, आणि त्यातली सही देऊ शकतील अशी दोन निघाली.

त्या दोघांतला एक जुना मित्र. थोरल्याच्या वेळी, २०१८ मध्ये, त्यालाच विचारलं. आम्ही तेव्हा नुकतेच हॅरोहून रेडिंगला आलो होतो आणि इथे दोन वर्षांची ओळख कोणाचीच नव्हती. मित्राची जमेची बाजू सरळ आहे: तो तुम्हाला ओळखतो, मुलाला मांडीवर घेऊन बसलेला असतो, आणि त्याच्याशी बोलताना शब्द तोलावे लागत नाहीत. अडचण पेशाची येते. "समाजात चांगली पत असलेली व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त पेशातली, निवृत्त असली तरी चालेल," असा तो नियम आहे. आपले निम्मे मित्र आयटीतले. उदाहरणांच्या यादीत इंजिनिअर आहे, पण त्यापुढे व्यावसायिक पात्रता असलेला अशी अट आहे, आणि तिथे सगळे चाचरतात. यादी मात्र शेवटपर्यंत वाचा. बँकेतला अधिकारी, फार्मासिस्ट, ऑप्टिशियन, अकाउंटंट, शिक्षक, नर्स, पत्रकार, लिमिटेड कंपनीचा मॅनेजर, इतकंच काय पबचा परवानाधारकही तिच्यात आहे. मान्यताप्राप्त संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव हेही आहेत. तुमच्या गावच्या मराठी मंडळाचं काम तुम्ही दोन-तीन वर्षं केलं असेल आणि सचिवांशी घरोबा असेल, तर ही वाट विसरू नका. आमचा मित्र अकाउंटंट होता, त्यामुळे आमचं भागलं.

नात्याचं मात्र नीट तपासा. आपल्याकडे ओळख काढता काढता नातं निघतं. मावसबहिणीचा दीर हा आपल्या लेखी मित्र असेल, पण नातं लग्नाचंच. मी असा माणूस बाजूला ठेवला असता.

त्या वेळी आम्ही कागदी फॉर्म भरला होता. कागदी अर्जात दोन फोटो जोडायचे, आणि एकाच्या मागे सही देणाऱ्याने इंग्रजीत लिहायचं की हा अमुक तमुकचा हुबेहूब फोटो आहे असं मी प्रमाणित करतो, मग सही आणि तारीख. फोटो ४५ बाय ३५ मिलिमीटरचा. आपली नावं तीन मजली: मुलाचं, वडिलांचं, आडनाव. मित्राने बारीक अक्षरात सुरुवात केली, माझ्या नावापर्यंत आला आणि एक अक्षर गाळून पुढे गेला. खोडून वर लिहिलं तर त्या गुळगुळीत कागदावर शाई अंगठ्याला लागून पसरली. नव्या फोटोंसाठी मुलाला पुन्हा पांढऱ्या चादरीवर निजवलं, पुढच्या शनिवारी पुन्हा हॅरोला गेलो, अर्धा दिवस त्यात गेला. यात मित्राचा काही दोष नाही, जागाच तेवढी. ऑनलाइन अर्जात हे लिहिणंच नसतं. पैशांचंही बघा: एप्रिल २०२५ च्या दरांनुसार मुलाचा अर्ज ऑनलाइन ६१.५० पौंडांना आणि कागदी ७४ पौंडांना पडत होता. कागदी अर्ज करायला खास कारण असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मला तरी ऑनलाइनच बरं वाटतं.

आता साहेब.

धाकटीच्या वेळी, २०२२ मध्ये, मी माझ्या ऑफिसातल्या वरिष्ठांना विचारलं. का विचारलं, हे आज मला नीट सांगता येतं. दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन गॅझेटेड ऑफिसरच्या दारात उभी राहिलेली आमची पिढी. हिरव्या शाईची सही, गोल शिक्का, की काम झालं. सही करणारा आपल्या तोंडाकडे बघायचाही नाही, आणि बघावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पुढे भारतात स्वतःच साक्षांकन करण्याची सोय झाली आणि तो प्रकार बराचसा संपला, पण मनातली सवय गेली नाही. सही म्हटली की आपली नजर आधी मोठ्या खुर्चीकडे जाते. साहेब ब्रिटिश, लिमिटेड कंपनीत मॅनेजर, मला तीन वर्षं ओळखणारे. कागदोपत्री कुठे बोट ठेवायला जागा नाही. ते लगेच "हो" म्हणाले, अगदी मनापासून.

ऑनलाइन अर्जात तुम्ही सही देणाऱ्याचं नाव आणि ईमेल देता, त्याला लिंक जाते, आणि तो ती उघडून आपली माहिती भरून खात्री देतो. ते होईपर्यंत अर्ज तिथेच थांबतो. लिंक गेली सोमवारी. साहेबांनी ती उघडली सोळाव्या दिवशी.

हे सोळा दिवस कसे गेले ते सांगितलंच पाहिजे, कारण माझा कौल इथेच ठरला. रोज सकाळी साडेनऊला त्यांच्याबरोबर मीटिंग. रोज ठरवायचं की आज विचारू, आणि मीटिंग संपता संपता एखादं अडलेलं काम निघायचं, तेही माझ्याकडचं. ज्या माणसाकडे आपण रजा मागतो, ज्याच्या हातात आपलं वर्षाचं मूल्यमापन असतं, त्याच्याकडे घरच्या कामाचा तगादा लावणं मला जमलं नाही. आठव्या दिवशी एकदा आठवण केली. ते ओशाळले, "आज नक्की" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीवर गेले. उधारी मागावी तसं तोंड करून दुसऱ्यांदा विचारायला मला आणखी आठवडा लागला. शेवटी त्यांनी लिंक उघडली आणि मला फोन केला, "मुलीचा जन्म रेडिंगचाच ना?" मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. दिवसभर मला ते लागून राहिलं. त्यांनी माझ्या मुलीला कधी पाहिलंच नव्हतं. फोनवरचा एक फोटो, तोही जन्मानंतरच्या आठवड्यातला, एवढीच त्यांची ओळख. पासपोर्ट मिळवण्यासाठी, स्वतःच्या असो वा दुसऱ्याच्या, जाणूनबुजून खोटं विधान करणं इथे १९२५ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टच्या कलम ३६ खाली गुन्हा आहे. साहेब खोटं काही बोलले नाहीत. पण एका भल्या माणसाला मी अशा जागी उभं केलं जिथे त्याला मला विचारून मग खात्री द्यावी लागली.

त्या उन्हाळ्यात पासपोर्ट ऑफिसच १० आठवडे धरून चला असं सांगत होतं. ब्रिटिश पासपोर्ट आला तरी भारतात जायला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) लागतोच, त्याला आणखी वेळ. आईची पंच्याहत्तरी नोव्हेंबरात होती. आम्ही सांगलीला पोचलो ती झाल्यावर आठ दिवसांनी. औक्षणाच्या फोटोत सगळी भावंडं आहेत, आम्ही चौघं नाही. सोळा दिवस वाचले असते तर वेळेवर पोचलो असतो का, हे छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो फोटो बघितला की मला ती साडेनऊची मीटिंगच आठवते.

तुमचे साहेब वेगळे असतील. ऑफिसातल्या सहकाऱ्याने त्याच दुपारी काम करून दिल्याचं मला दोघा-तिघांनी सांगितलं आहे. सहकारी बरोबरीचा असेल, घरी येणंजाणं असेल, तर माझी काहीच हरकत नाही. वरच्या हुद्द्यावरच्या माणसाला विचारू नये, एवढंच मी म्हणेन.

डॉक्टर आणि नर्सरीच्या शिक्षिका ही दोन नावं सगळ्यांच्या डोक्यात येतात, त्यांचं थोडक्यात. डॉक्टर चालतात ते फक्त आपण चांगले मित्र आहोत आणि फोटोवरून सहज ओळखतो असं ते सांगणार असतील तर. दोन वर्षांत दोनदा भेटणाऱ्या जीपीने तसं का म्हणावं? शिक्षिका मुलाला रोज बघते, पण ओळख केवळ कामापुरती असून चालत नाही, आणि दोन वर्षांची अट तुमच्या ओळखीला आहे. काही शाळा आपल्या कर्मचाऱ्यांना हे करूही देत नाहीत. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि मग शेजारीण. थोरल्याच्या नूतनीकरणाला, २०२३ मध्ये, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईंना विचारलं. निवृत्त नर्स, मूळच्या आयर्लंडच्या, आयरिश पासपोर्टवर चाळीस वर्षं इंग्लंडात. आम्ही त्या घरात २०१९ मध्ये आलो, तेव्हापासूनची ओळख. करोनाच्या दिवसांत आम्ही त्यांची औषधं आणून द्यायचो आणि त्या कुंपणावरून मुलासाठी बिस्किटं द्यायच्या. थोरला त्यांना आजी म्हणतो. इतकी जवळची व्यक्ती आधी का सुचली नाही, तर त्यांच्याकडे खुर्ची नव्हती म्हणून.

मी विचारलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझा पासपोर्ट चालू आहे का ते आधी बघू दे." हा प्रश्न तुम्हीही सगळ्यांत आधी विचारा, माणूस कोणीही असो. पुष्कळांचा संपलेला असतो आणि त्यांना पत्ता नसतो. त्याच संध्याकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या, पासपोर्ट आणि चष्मा घेऊन. मी चहा ठेवला. त्यांनी त्यांच्या टॅबवर लिंक उघडली, माहिती भरली, मग पडद्यावर थोरल्याचा फोटो आला तशा थांबल्या. मला म्हणाल्या, त्याला बोलाव. तो आंघोळ करून तसाच ओल्या केसांनी आला. त्यांनी त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली, फोटो पाहिला, पुन्हा त्याला पाहिलं. फोटोत केस कोरडे आणि कपाळावर होते, तर त्यांनी हाताने त्याचे केस पुढे आणले. मग "हो, हा तोच," म्हणून बटण दाबलं. चहा तेव्हा उकळतच होता. त्यांना मला काही विचारावं लागलं नाही. जन्मतारीख तर नाहीच, दर वाढदिवसाला केक त्यांच्याच घरून येतो.

शेजाऱ्यांच्या बाबतीतही पेच आहेत, ते नाकारत नाही. भाड्याच्या घरांत दोन वर्षं एका जागी कोण राहतं? ईमेल न वापरणारे वयस्कर शेजारी असतील तर ऑनलाइन अवघड, मग कागदी फॉर्म आणि ती चिमुकली जागा. काहींना स्वतःचा पासपोर्ट क्रमांक द्यायला संकोच वाटतो, आणि पासपोर्ट ऑफिस पुढे त्यांच्याशी संपर्क करू शकतं हेही आधी सांगून ठेवायला हवं. शिवाय पेशाची किंवा पत असण्याची अट त्यांनाही आहेच. पण निवृत्त शिक्षक, नर्स, पोलीस, पोस्टातला अधिकारी असं कोणीतरी बहुतेक गल्ल्यांत निघतं. नुकतं घर बदललं असेल तर मात्र जुना मित्रच बरा, अगदी अर्धा दिवस गाडी चालवावी लागली तरी.

धाकटीचं नूतनीकरण २०२७ मध्ये येईल. बाईंचा पासपोर्ट २०३१ पर्यंत आहे, परवा कुंपणाशी त्यांनी आपणहून सांगितलं.