स्टॅम्प की स्ट्राँगकिड्स? बालवॉर्डात पोषणाचं स्क्रीनिंग निवडताना

दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं पहिल्या चोवीस तासांत पोषणाचं स्क्रीनिंग, म्हणजे कुपोषणाचा धोका आहे का याची झटपट चाचपणी, व्हावी यावर आता कुणी वाद घालत नाही. गाडी अडते ती फॉर्मपाशी. मी नागपुरात बालवॉर्डाचा आहारतज्ज्ञ म्हणून काम करतो. स्टॅम्प आणि स्ट्राँगकिड्स हे अशा स्क्रीनिंगचे दोन तयार फॉर्म. आधी स्टॅम्प वापरला, नंतर स्ट्राँगकिड्सकडे वळलो. मधल्या काळात दोन-तीन सिस्टर-इनचार्जनी आणि एका रेसिडेंट डॉक्टरांनी विचारलं, "आमच्याकडे कुठला लावू?" त्यांना तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी स्टॅम्पची बाजू, कारण त्याच्याशी मी बरीच वर्षं प्रामाणिक होतो. मँचेस्टरच्या बालरुग्णालयात तयार झालेला हा फॉर्म तीन गोष्टी विचारतो: आजाराचा पोषणावर परिणाम होणार का, मूल किती खातंय, आणि वजन-उंचीचा मेळ बसतो का. बेरीज ४ किंवा त्याहून जास्त आली की धोका मोठा. मला आवडायचं ते असं की हा फॉर्म मोजायला लावतो. राउंडला सरांसमोर "मूल बारीक वाटतं" म्हणणं वेगळं आणि "वजन-उंचीत इतका फरक आहे" म्हणणं वेगळं. आकडा दाखवला की आहाराचा विषय पुढच्या बेडपर्यंत ढकलला जात नाही. तुमच्या वॉर्डातच भिंतीला उंचीची पट्टी असेल, लहानग्यांची लांबी झोपवून मोजायचा इन्फँटोमीटर असेल आणि मोजायला दोन माणसं मोकळी मिळत असतील, तर पुढचं वाचण्याची फारशी गरज नाही. स्टॅम्प चांगला आहे, तोच लावा.

आमच्याकडे अडचण उंचीचीच झाली. वजनकाटा वॉर्डात होता, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. उंची मोजायचं साधन मात्र खालच्या मजल्यावर, ओपीडीत. दाखल झालेलं मूल सहसा उभं राहण्याच्या अवस्थेत नसतं. उजव्या हाताला लाकडी पट्टी बांधून सलाईन लावलेलं, तापाने ग्लानी आलेली, आईच्या कडेवरून उतरायला तयार नाही. त्याला सलाईनची बाटली वर धरून खाली न्यायचं, पाय सरळ, टाचा भिंतीला, नजर समोर, असं उभं करायचं. दोन वर्षांखालचं असेल तर झोपवून लांबी घ्यायची; एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबायचे. दुपारच्या पाळीत दोन सिस्टर आणि तीसेक बेड असताना हे कोण करणार? मी कुणालाही दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ते काम उद्यावर टाकलं असतं.

उद्यावर पडलं तरी एक वेळ चाललं असतं. पण फॉर्म मागे लागलेला असतो, म्हणून रकाना भरला जायचा. एका संध्याकाळी मी आठवड्याचे फॉर्म घेऊन बसलो आणि उंचीचा रकाना वरून खाली वाचत गेलो. ९५, ११०, १००, १००, ८५, १००. एकही आकडा शून्य किंवा पाचाशिवाय संपत नव्हता. त्यातली १०० सेंटिमीटरची तीनही मुलं तेव्हा वॉर्डातच होती. मी पट्टी मागवली आणि स्वतः मोजलं. तिघांत मिळून एकाचीही उंची १०० नव्हती, आणि सगळ्यांत उंच मुलीत आणि सगळ्यांत बुटक्या मुलात वीतभर फरक होता. अंदाजाने उंची कमी टाकली की बारीक मूल ठीकठाक दिसतं, आणि जास्त टाकली की ठीकठाक मूल बारीक दिसतं. सगळ्यात वाईट म्हणजे अशा फॉर्मवरची बेरीज मोजल्यासारखी दिसते, म्हणून पुढे कुणी शंका घेत नाही. माझं मन त्या संध्याकाळी बदललं.

दुसरं कारण छोटं, पण पक्कं. स्टॅम्प २ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी बेतलेला आहे, आणि आमच्या वॉर्डात जुलाब आणि न्यूमोनियाने येणारी कितीतरी मुलं त्याआतली असतात. पिम्स हा ग्लासगोचा तसाच फॉर्मही पाहून झाला. तो १ वर्षापासून चालतो, पण बीएमआय (वजन आणि उंचीवरून काढायचा आकडा) मागतो, म्हणजे पुन्हा उंची आलीच.

स्ट्राँगकिड्स १ महिन्यापासून १८ वर्षांपर्यंत चालतो आणि काहीच मोजायला लावत नाही. चार प्रश्न असतात. मूल पाहून पोषण खालावलेलं वाटतं का. यादीतला एखादा मोठा आजार किंवा मोठं ऑपरेशन आहे का. गेल्या काही दिवसांत खाणं कमी, जुलाब-उलट्या जास्त झाल्या का. वजन घटलं किंवा वाढायचं थांबलं का. आजाराला २ गुण, बाकी प्रत्येकाला १, एकूण ५. ४-५ आले की धोका मोठा. नेदरलँड्समधल्या ४४ रुग्णालयांत ४२४ मुलांवर हा फॉर्म वापरून पाहिला आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. जास्त धोक्यातली मुलं रुग्णालयात जास्त दिवस राहिली, असं त्यात दिसलं. माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की दाखल करताना सिस्टर हिस्टरी घेतच असतात, त्याच बोलण्यात हे चार प्रश्न मावतात.

वजन घटलं का, हा प्रश्न मात्र जसाच्या तसा विचारून उपयोग नाही. नागपुरात गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची मुलं येतात. मागच्या महिन्यातलं वजन आईला ठाऊक असेलच असं नाही. अंगणवाडीचं कार्ड सोबत असलं तर उत्तम, पण घाईत ते घरीच राहतं. एकदा एका बाईंना मी वजनाचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "वजनाचं काई सांगता येत नाई जी. पन करदोडा ढिला झाला, दोनदा बांधून देला." आणि त्यांनी पोराच्या कमरेचा काळा दोरा बोटाने उचलून दाखवला. जुन्या गाठीचा चुरगळलेला डाग नव्या गाठीपासून दोन बोटं लांब होता. तेव्हापासून मी सिस्टरना हाच प्रश्न विचारायला सांगतो. करदोड्याचं उत्तर प्रत्येक आईकडे असतं.

आता या फॉर्मचे दोष, आणि ते लहान नाहीत. आजारी मूल खाणं कमी करतंच, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला १ गुण मिळतो आणि मधल्या गटात गर्दी होते. त्या सगळ्यांना एकटा आहारतज्ज्ञ भेटू शकत नाही. मी मधल्या गटाचं वजन आठवड्यातून दोनदा घ्यायला सांगतो आणि आधी ३ गुणवाल्यांकडे जातो. आपल्याकडे महत्त्वाचा असलेला सिकलसेल छापील यादीत नावाने नाही, डॉक्टरांनी ठरवायच्या जागेत तो बसवावा लागतो. आम्ही तो पेनाने लिहून टाकला.

खरा दोष पहिल्या प्रश्नात आहे. "पाहून वाटतं का" हे डच सिस्टरला विचारणं वेगळं आणि आपल्याला विचारणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ५ वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने बारीक निघाली. चारातलं एक मूल तसं असेल तर आपल्या डोळ्यांना तेच साधं वाटू लागतं. डिसेंबरच्या थंडीत एक तीन वर्षांची मुलगी आली, कानटोपी, दोन स्वेटर. गाल बरे होते. सिस्टरनी पहिल्या प्रश्नाला "नाही" लिहिलं, मी सही केली. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी दंड उघडा दिसला म्हणून दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली: ११.२ सेंटिमीटर. ११.५ च्या खाली म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. एक दिवस आमच्या हातून गेला होता, आणि ती सही माझी होती.

म्हणून मी नुसता स्ट्राँगकिड्स सुचवत नाही. ६ ते ५९ महिन्यांच्या प्रत्येक मुलाला दंडघेराची पट्टी लावतो, आणि दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा पडतो का ते पाहतो. पट्टीला उभं राहणं लागत नाही, मूल आईच्या मांडीवरच राहतं, ओपीडीत जावं लागत नाही. जुलाबाने वजन खाली-वर होतं तसा दंडघेर फारसा हलत नाही. ११.५ च्या खाली आकडा किंवा दोन्ही पायांना सूज, यातलं काहीही दिसलं की बेरीज काहीही असो, त्या मुलाचा निरोप लगेच पोषण पुनर्वसन केंद्राला जातो.

माझं मत आमच्या वॉर्डापुरतं आहे. तुमच्याकडे मनुष्यबळ बरं असेल तर स्टॅम्पने जास्त नेमकं काम होईल, हे मी मान्य करतो. पण ठरवण्याआधी एक करून पाहा. सध्याच्या केसपेपरांतले गेल्या आठवड्याचे उंचीचे आकडे काढा आणि शेवटचा अंक बघा. सगळीकडे शून्य आणि पाच दिसले तर स्ट्राँगकिड्स घ्या, दंडघेराची पट्टी सलाईनच्या स्टँडलाच बांधून ठेवा, आणि पहिल्या प्रश्नाच्या आधी फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: स्वेटर काढा.